वटबीज आणि वटशाखा : वृक्षरोपणाच्या काही प्राचीन वचनांची चिकित्सा

वडाचे बी मोहरीहूनही बारीक असते आणि त्यातून उभा राहणारा वृक्ष सबंध गावच्या बाजाराला सावली पुरवितो. ह्या विरोधावर भारतीय वाङ्मयात दृष्टान्तांची मोठी परंपरा उभी आहे. आणि तिचा उलगडा करताना ‘कारण अल्प, कार्य महान’ ह्या एका सूत्रावर भागविण्याची आपल्याकडे रीत पडून गेली आहे. सूत्र खोटे नव्हे. पण ते इतके सैल आहे की चिंच, सावर, किंबहुना कोणताही मोठा वृक्ष त्यात सहज बसतो. प्राचीनांनी नेमका वडच का निवडला, आणि ज्या ठिकाणी त्यांनी बी सोडून फांदीचा आश्रय केला तेथे तसे का केले, हे प्रश्न त्या सूत्राने सुटत नाहीत. ते सोडवावयाचे तर वड लावतात कसा, हे प्रथम पाहिले पाहिजे.

वड लावू इच्छिणारा शेतकरी बी शोधीत बसत नाही. तो पावसाळ्याच्या तोंडाशी मनगटाएवढी जाड, पुरुषभर किंवा त्याहून लांब अशी फांदी तोडतो. चीक गळून छेद सुकला की तिचे खालचे टोक खड्ड्यात रोवून भोवतीची माती पायाने घट्ट दाबतो आणि वरच्या छेदावर शेणमातीचा गोळा बसवितो. वडाच्या फांदीला मुळे सोडण्याची मूळचीच सवय असल्यामुळे ती लवकर जीव धरते, आणि फुटवे उंचावर येत असल्यामुळे शेळ्यामेंढ्यांचे तोंड तेथवर पोहोचत नाही. पिंपळाची फांदी वडाइतकी सहज धरत नाही. तेथे गुटी बांधून मुळे काढून घेणे अधिक भरवशाचे. फांदीपासून वाढलेल्या झाडाला सोटमूळ नसते, हा ह्या पद्धतीचा दोष जाणते लोक सांगतात आणि तो खरा आहे.

बियाची गोष्ट अगदी वेगळी. वडाचे फळ म्हणून जे ओळखले जाते ते आतून फुलांचे अस्तर लावलेले एक मिटलेले पात्र आहे. ‘उंबराचे फूल’ हा मराठी वाक्प्रचार ह्याच जातिविशेषातून आला. फूल नसते असे नाही, ते पाहावयास फळ फोडावे लागते इतकेच. ह्या फुलांचे परागण गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला एक अतिसूक्ष्म कीटक करतो. वडाचा कीटक निराळा, पिंपळाचा निराळा. कीटकाची मादी काही फुलांत अंडी घालते आणि त्या फुलांत बी न धरता पिल्ले पोसली जातात. उरलेल्यांत बी धरते. एकाच फळात म्हणून भरलेले दाणे आणि पोकळ दाणे शेजारी शेजारी असतात. रोपवाटिकेत पिकलेली फळे पाण्यात कुस्करून तळाशी बसलेले दाणे तेवढे घेतात, ते विटांचा चुरा, कोळशाची पूड व कुजलेले पानखत ह्यांच्या थरावर नुसते पसरतात आणि वर माती लोटीत नाहीत. खोल गेलेला दाणा वर येत नाही. झारीच्या धारेनेसुद्धा ते वाहून जातात, म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू देतात. इतके करूनही पहिल्या पावसाळ्यातले रोप इतके नाजूक असते की एखादी बुरशी किंवा एका दिवसाचे कडक ऊन सारी मेहनत धुळीस मिळविते. रानात ही दाईगिरी पक्षी आणि वटवाघळे करतात. दाणा पोटातून जाण्याचे महत्त्व सामान्यतः वाजवीपेक्षा जास्त मानले जाते; खरा उपकार आहे तो जागेचा. दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात साठलेली ओली माती किंवा जुन्या भिंतीची चीर ही वडाच्या बियाला जमिनीहून अधिक मानवते.

ह्या दोन रीतींत सोयीपलीकडचा एक भेद आहे आणि पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. बीपासून झालेला वड हा पहिल्या वडाचे अपत्य असतो. त्याला दोन जनक असतात आणि तो कोणत्याही एकाची प्रतिकृती नसतो. फांदीपासून झालेला वड हा अपत्य नव्हे. तो तोच वड होय, दुसऱ्या जागी उभा राहिलेला.

छान्दोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायाच्या बाराव्या खंडात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, न्यग्रोधाचे फळ आणावयास सांगतो, ते फोडावयास लावतो, आत काय दिसते ते विचारतो. मग एक दाणा फोडावयास लावून पुन्हा तोच प्रश्न करतो. ह्या वेळी श्वेतकेतूला काहीच दिसत नाही. जे दिसत नाही त्या अणिम्यातूनच हा एवढा वृक्ष उभा आहे, असे पिता सांगतो. येथे लहान-मोठेपणाचा विरोध दुय्यम आहे. मुख्य गोष्ट ही की बियात वृक्षाचे कोणतेही रूप सापडत नाही. ना पान, ना खोड, ना पारंबी. उद्दालकाने त्याच झाडाची फांदी पुढे केली असती तर तीही वृक्ष निर्माण करण्यास समर्थच होती, किंबहुना अधिक समर्थ. पण युक्तिवाद तत्क्षणी कोसळला असता, कारण फांदीत वृक्ष दिसतो. म्हणून बीज ही येथे उपमा म्हणून सोयीची वस्तू नाही, ती प्रमाणाचा भाग आहे. वडाची निवडही ह्याच कारणाने सार्थ ठरते. आंब्याची कोय किंवा चिंचोका फोडला तर आत दले आणि अंकुर नुसत्या डोळ्यांना दिसतात. वडाच्या दाण्यात मनुष्याच्या डोळ्याला खरोखरच काही लागत नाही. वनस्पतिशास्त्र काटेकोरपणे म्हणेल की श्वेतकेतूने फोडला तो दाणा हेच खरे फळ आणि बी त्याच्याही आत. शिवाय कीटकाने रिकामा केलेला दाणा त्याच्या हाती आला असण्याचाही संभव आहे, आणि मग त्याचे उत्तर पित्याच्या अपेक्षेहून अधिक शब्दशः खरे म्हणावे लागेल! पण असल्या दुरुस्त्यांनी उपनिषदाचे काही बिघडत नाही. बिघडते ते ‘अल्पातून महान’ एवढाच अर्थ काढणाऱ्या भाष्याचे.

जातककथांतले वडाचे बी मात्र निराळ्याच स्वभावाचे आहे. पलास-जातकात पळसाच्या बेचक्यात वडाचे रोप रुजते. एक सुवर्णहंस त्या पळसाच्या देवतेला धोका सांगतो, ती ऐकत नाही, आणि पुढे वडाच्या विळख्यात पळसाचा नाश होतो. कोटिसिंबलि-जातकात भल्या थोरल्या गरुडाच्या भाराने न डगमगणारी सावरीवरची वृक्षदेवता एका चिमुकल्या पक्ष्याला पाहून थरथरते, कारण तो वड, पिंपळ, उंबरांची फळे खाऊन आलेला असतो. बीजाचा आकार छान्दोग्यातलाच. अर्थ नेमका उलटा. तेथे बीज हे सत्याचे गूढ स्थान, येथे ते दुर्लक्षित शत्रू. दोन्ही दृष्टान्त एकाच ‘वटबीज’ सदराखाली जमा केले की हा विरोध हरवतो. जातककार झाडाच्या वास्तव जीवनक्रमाच्या अधिक जवळ आहेत, कारण त्यांनी बी कोठे पडते हे पाहिले आहे. उपनिषदाला ते पाहण्याची गरज नव्हती. अथर्ववेदात खैरावर वाढलेल्या अश्वत्थाचे सूक्त आहे आणि यज्ञातील अरणीसाठी शमीवर उगवलेला अश्वत्थ विहित आहे. तेव्हा परवृक्षावर रुजण्याचा हा स्वभाव अतिप्राचीन काळापासून ठाऊक होता. एमेनो ह्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात संस्कृत वाङ्मयातील अशा उल्लेखांचा परामर्श घेतला आहे. मराठी अभ्यासात त्याची दखल घेतली जावयास हवी.

शाखेचा पक्ष मांडणारे सर्वांत स्पष्ट वचन काव्यात किंवा तत्त्वज्ञानात नाही, ते भिक्षूंच्या नियमग्रंथात आहे. आळवी येथील एका भिक्षूने झाड तोडले आणि त्यावरील देवतेने गाऱ्हाणे केले, अशा कथेच्या निमित्ताने विनयपिटकात वनस्पतींचा नाश करण्यास मनाई करणारा पाचित्तिय नियम येतो. ‘वनस्पती’ म्हणजे काय हे ठरविताना तेथे उत्पत्तीचे पाच प्रकार सांगितले आहेत : मुळापासून, खोडापासून, पेरापासून, शेंड्यापासून आणि बियापासून होणाऱ्या. मुळाच्या वर्गात हळद, आले. पेराच्या वर्गात ऊस, वेळू. बियाच्या वर्गात धान्ये व कडधान्ये. खोडापासून होणाऱ्यांच्या, म्हणजे खन्धबीजांच्या, वर्गात प्रारंभीच अश्वत्थ, न्यग्रोध, प्लक्ष आणि उदुंबर ही चार नावे येतात. ज्या झाडाला उपनिषदाने बीजाचा आदर्श बनविले, त्याच झाडाची गणना नियमकारांनी बियाच्या वर्गात न करता खोडाच्या वर्गात केली आहे. ह्यात अज्ञान नाही. नियमाला व्यवहार पाहावा लागतो. तोडलेली उंबराची फांदी पुन्हा रुजू शकते, म्हणून ती अद्याप सजीव आहे, आणि भिक्षूने तिचे काय करावे हा प्रश्न उरतो. वर्गीकरण येथे जिज्ञासेतून जन्मलेले नाही. ते दोषनिर्णयातून जन्मलेले आहे, आणि कदाचित त्यामुळेच इतके नेमके आहे.

महावंसात बीज व शाखा दोन्ही एकत्र येतात. ह्या पाली इतिवृत्ताच्या अठराव्या आणि एकोणिसाव्या परिच्छेदांत बोधिवृक्षाची दक्षिण शाखा अशोकाने कशी मिळविली, ती संघमित्रेबरोबर लंकेला कशी गेली आणि अनुराधपुरात तिचे रोपण कसे झाले, ह्याचे सविस्तर वर्णन आहे. अशोक शस्त्र चालवीत नाही. तो फांदीभोवती मनशिळेच्या रंगाने रेघ ओढतो, फांदी आपोआप विलग होते, सुगंधी मातीने भरलेल्या सुवर्णपात्रावर जाऊन उभी राहते, आणि जेथे रेघा ओढल्या होत्या तेथूनच मुळे फुटतात. हा मजकूर वाचताना गुटी कलमाची आठवण अपरिहार्य आहे. गुटी बांधणारा माळीही फांदीभोवती वर्तुळाकार साल काढतो आणि मुळे नेमकी त्या वर्तुळाच्या काठावर येतात. एवढ्यावरून त्या काळी गुटीची विद्या अवगत होती असे सिद्ध करू पाहणे धाडसाचे होईल. इतिवृत्तकार चमत्कार सांगत आहे, कृती सांगत नाही. परंतु चमत्काराची जागा त्याने अंदाजाने निवडलेली नाही, एवढे म्हणावयास प्रत्यवाय नाही. शस्त्र टाळण्याचे कारणही विनयातील मनाईत शोधण्याची गरज नाही, कारण राजा भिक्षू नव्हे. पूज्य वस्तूवर घाव नको एवढे कारण पुरेसे आहे.

लंकेला फळ का नेले नाही? जांबुकोळच्या बंदरापर्यंतचा तो सारा लवाजमा, राजांनी गळ्याएवढ्या पाण्यात उतरून केलेले स्वागत, हे सर्व मूठभर बियांच्या पुरचुंडीने वाचले असते. पण ज्या वृक्षाखाली बुद्धाला बोधी प्राप्त झाली तो वृक्ष हवा होता, त्याचे अपत्य नको होते. अवशेषपूजेच्या तर्काला शाखाच लागते. ह्यानंतर इतिवृत्तकार स्वतःच एक अडचण निर्माण करतो. अनुराधपुरात रोपण होताच फांदीवरचे एक फळ पिकून गळते, ते पेरले जाते आणि सर्वांच्या देखत त्यातून आठ रोपे वर येतात. पुढे आणखी चार फळांतून बत्तीस रोपे होऊन ती योजनायोजनाच्या अंतराने बेटभर लावली जातात. म्हणजे समुद्र ओलांडताना शाखा आणि बेटावर प्रसार करताना बीज. ह्यात विसंगती पाहण्याचे कारण नाही. मूळ एकदा अखंडपणे येऊन स्थिर झाले की त्याच्या संततीने देश व्यापावयास हरकत नसते. राजवंशाच्या कथेतही असेच घडते. लक्षणीय गोष्ट दुसरीच आहे. बीजाची खरी अडचण म्हणजे रोपाची मंद आणि बेभरवशाची वाढ. चमत्कार नेमका तेथेच उतरतो आणि रोपे पाहता पाहता चार हात उंच होतात. पिंपळाच्या बियाचा स्वभाव ज्याला ठाऊक होता त्यानेच ही कथा घडविली असली पाहिजे.

बोधगयेच्या मूळ स्थानी पुढे काय घडले ते ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथील जुना जीर्ण वृक्ष १८७६ मध्ये वादळात पडला आणि १८८१ मध्ये कनिंगहॅम ह्यांनी नवे रोप लावले. त्यांच्या १८९२ च्या ग्रंथात वृक्ष पडण्यापूर्वीच बिया गोळा करून रोपे तयार झाली होती असा निर्देश आहे. तो प्रमाण मानला आणि अनुराधपुराची परंपराही प्रमाण मानली, तर माळ्याच्या हिशेबाने मूळ बोधिवृक्षाशी तादात्म्य अनुराधपुरातील वृक्षाचे आहे आणि बोधगयेतील वृक्षाचे नाते केवळ संततीचे आहे. स्थान एकीकडे राहिले, वृक्ष दुसरीकडे. १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या धम्मदीक्षेने पावन झालेल्या नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष अनुराधपुराहून आणलेल्या शाखांचा आहे. भदंत आनंद कौसल्यायन ह्यांनी तो आणिला. येथेही निवड शाखेची झाली, हे सहज घडलेले नाही. दोन सहस्रकांपूर्वीच्या कथेतील तर्क नागपुरात पुन्हा तसाच चालविला गेला.

आता शास्त्रग्रंथांकडे वळता येईल. कौटिल्याने सीताध्यक्षाच्या प्रकरणात खोडाच्या बेण्यांच्या छेदांना मध, तूप, डुकराची चरबी आणि शेण ह्यांचा लेप सांगितला आहे, तर कोयीच्या बियांना शेणाचा. वरच्या छेदावर शेणमाती लावणारा आजचा शेतकरी ह्याच आचाराचा वारस आहे. मात्र १९३० नंतरच्या दशकात मुळे फुटण्यास चालना देणारी जी संप्रेरके सापडली, ती प्राचीनांच्या लेपात शोधण्याचा उत्साह आवरलेला बरा. लेपाचे सरळ काम छेद सुकू व कुजू न देणे हे होते आणि तेवढ्यासाठी तो पुरेसा होता.

वराहमिहिराची गोष्ट अधिक अवघड आहे. बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायात त्याने ‘कांडरोप्य’ म्हणून फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग इत्यादी झाडे दिली आहेत. ह्या यादीत वड, पिंपळ, उंबर ही फांदीने लागणारी सर्वांत सोपी झाडे नाहीत, आणि फणस आहे, ज्याची तोडलेली फांदी लावून पाहणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते. पाठोपाठ शेण माखून मूळच्या छेदावर किंवा खोडावर बसविण्याचा आदेश येतो; त्यावरून येथे साधे रोपण नसून कलम बांधणे अभिप्रेत आहे असा अर्थ केला जातो. तो स्वीकारला तर फणस-जांभळाची उपस्थिती व वडाची अनुपस्थिती दोन्ही सुटतात : जी झाडे नुसत्या फांदीने लागत नाहीत त्यांनाच कलमाची गरज. पण मग डाळिंब आणि द्राक्ष ही साध्या काडीने लागणारी झाडे येथे का आली, आणि केळीचे कलम कशावर बांधावयाचे? यादी एका स्पष्टीकरणाला वश होत नाही, हे मान्य करून थांबावे लागते. ती निरनिराळ्या तोंडी परंपरांतून गोळा झाली असावी.

तुलनेने सुरपालाचा वृक्षायुर्वेद कमी प्रसिद्ध. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील हस्तलिखितावरून केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर सिकंदराबादहून १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात जांभूळ बीजज म्हणून दिले आहे, आणि वड, उंबर, प्लक्ष, डाळिंब ही बीज आणि कांड अशा दोहोंपासून होणाऱ्यांच्या स्वतंत्र वर्गात घातली आहेत. रोपण करणाऱ्या कोणालाही हे वर्गीकरण वराहमिहिराच्या यादीपेक्षा अधिक पटेल. भाषेचा डौल आणि ग्रंथकाराची कीर्ती ह्यांवरून अशा ग्रंथांचे प्रामाण्य ठरवू नये, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

मराठी वाचकाच्या दृष्टीने ह्या चर्चेचा सर्वांत जवळचा संबंध गीतेच्या पंधराव्या अध्यायाशी आणि त्यावरील ज्ञानेश्वरीच्या विस्तृत निरूपणाशी येतो. गीतेतील अश्वत्थाची मुळे वर आहेत, आणि लगेच पुढच्या श्लोकात खालीही मुळे पसरलेली आहेत. पिंपळ पारंब्या सोडीत नाही. तेव्हा हे वर्णन वडाचे असून नाव तेवढे अश्वत्थाचे आहे, असा आक्षेप घेतला जातो. परवृक्षावर रुजलेला पिंपळ ज्याने पाहिला आहे त्याला तो आक्षेप फारसा सतावणार नाही. अशा पिंपळाची मुळे वर बेचक्यात असतात आणि आधारवृक्षाच्या अंगावरून खाली जमिनीपर्यंत उतरत जातात. वृक्ष उलटा कल्पिण्याची पहिली प्रेरणा ह्या दृश्यातून आली असणे संभवनीय आहे.

ह्यानंतर वृक्ष तोडण्याचा उपदेश येतो, आणि तेथे शाखेचा धर्म पुन्हा आडवा येतो. ज्या कुळातील झाडांची तोडलेली फांदी ओल्या मातीत पडली तर रुजू शकते, त्या कुळातील झाड फांद्या छाटून संपत नाही. एकाची दोन होण्याचेच भय. खोड तोडूनही संपत नाही : हावड्याच्या वनस्पती-उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मुख्य खोड बुरशीने किडल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले, तरी तो वड पारंब्यांवर आजही उभा आहे. गीतेने वृक्षाच्या मुळांना दृढपणे वाढलेली असे विशेषण लावले आहे आणि शस्त्र असंगाचे सांगितले आहे. ज्ञानेश्वरांनी त्या वृक्षाचे मूळच अज्ञानात दाखवून, जे खरे नाही ते तोडावयास ज्ञानाखेरीज दुसरे आयुध नको असे निरूपण केले आहे. संसाराला झाड म्हणणे ही सामान्य कल्पना. पण घावांनी जे वाढते अशा झाडाची निवड केल्यामुळे कर्माने कर्माचा छेद होत नाही हा सिद्धान्त दृष्टान्ताच्या आतूनच निघतो. टीपांत ‘अश्वत्थ म्हणजे पिंपळ’ एवढे देऊन पुढे जाणाऱ्या आवृत्त्यांत नेमकी हीच गोष्ट सांगावयाची राहून जाते.